सातव्या वळणावरचा ढीग

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, पण माझ्यात बसून कुणी कधी कुठे गेलेलं नाही. मी माती उपसते. रस्त्यावरचे लोक मला पोकलेन म्हणतात, कार्यालयाच्या कागदांवर मी 'उत्खनन यंत्र क्रमांक चार' आहे आणि माझा ऑपरेटर मला 'म्हातारे' अशी हाक मारतो. तिन्ही नावांतलं शेवटचं मला आवडतं. निदान ते खरं तरी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला लोखंडी पट्ट्यांचे पाय मिळाले, एक लांब हात मिळाला आणि हाताच्या टोकाला पाच दातांची बकेट मिळाली. फाटकातून बाहेर पडले तेव्हा मी इतकी पिवळीधमक होते की पहारेकऱ्याने डोळ्यांवर हात धरला. सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. मी एक तळं खणलं. एका दवाखान्याचा पाया खणला. एका शाळेचं मैदान सपाट केलं, तेव्हा तिथल्या मुख्याध्यापिकांनी माझ्या बकेटला टेकून फोटो काढून घेतला आणि साडीला लागलेलं ग्रीस पुसत म्हणाल्या, "काय ताकद आहे हो हिच्यात!" कौतुक असं असतं. थोडं ग्रीस लागतंच.

आमच्यात वय वर्षांत धरत नाहीत, तासांत धरतात. इंजिन किती तास चाललं, ते एका छोट्या काचेमागे आकड्यांत दिसतं. माझे नऊ हजार तास झाले तेव्हा पहिल्या मालकाने मला काढून टाकलं आणि डोंगरातल्या रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाने घेतलं. तिथे ना तळं, ना पाया. काम एकच. वरून दरड पडायची, रस्ता बंद व्हायचा, मी ती उचलून बाजूला करायची. रस्ता मोकळा व्हायचा. मग पुन्हा दरड पडायची. घरातली भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती तुम्हाला माझं आयुष्य सांगेल.

माझा ऑपरेटर तेव्हाच मला भेटला. चाळिशी उलटलेला, कमरेला रुंद पट्टा बांधणारा, माणसांशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलणारा. सकाळी आल्याबरोबर तो माझ्या सगळ्या सांध्यांना ग्रीस भरायचा आणि म्हणायचा, "चला म्हातारे, डोंगराने काय सांडलंय ते बघू." त्याच्या हाताला असं वळण होतं की बकेटच्या पाठीने तो ओल्या मातीवरून भिंतीला चुना द्यावा तसा हात फिरवायचा.

सातव्या वळणाखाली चार घरं होती. त्यातलं एक त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिला आपण ताईच म्हणू, कारण सगळा रस्ता तिला ताईच म्हणायचा. नवरा लांबच्या गावी कामाला, घरात ती आणि सासरे. ताई कपडे शिवायची. दुपारी डबा घेऊन वर यायची आणि माझ्या पट्ट्यावर फडक्याने झटकून बसायची.

आता चूक कशी झाली ते सांगते. ती एका दिवसात झालेली नाही, म्हणून कुणाला चूक वाटलीच नाही.

रस्त्यावरून काढलेला राडारोडा तीन किलोमीटरवरच्या माळावर न्यायचा, असा नियम होता. पण डंपर दोनच, त्यातला एक नेहमी बिघडलेला. मागे गाड्यांची रांग लागलेली, भोंगे वाजताहेत. मग जो तो सांगायचा, "ढकला हो खाली!" आम्ही सातव्या वळणाच्या काठावरून ढकलायचो. पहिल्या वर्षी थोडं. मग दर पावसाळ्यात थोडं थोडं. सहा वर्षांत तिथे दोन मजली ढीग झाला.

दुसरा कुणी असता तर नुसतं टाकून मोकळा झाला असता. पण खाली बहीण राहते म्हणून माझ्या ऑपरेटरने त्या ढिगावर जीव लावला. काम संपलं की सगळे घरी जायचे आणि हा मला घेऊन ढिगाचा उतार नीट करत बसायचा. वरून चांगली माती पसरायची, बकेटच्या पाठीने थोपटायची, उतारावर चार पायऱ्या काढायच्या. पुढे त्याने गवतसुद्धा लावलं. ढीग इतका देखणा झाला की येणारे-जाणारे थांबून बघायचे.

"पक्का आहे ना रे धाकट्या?" ताईने एकदा विचारलं.

"अगं, दोनदा दाबलाय. बंगला बांध त्यावर."

ताईने बंगला बांधला नाही, पण खालच्या पायरीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधली.

मग जमीन हलायला लागली, मित्रांनो. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून दोनदा. किरकोळ हादरे. सुरुवातीला लोक घराबाहेर धावायचे. दोन महिन्यांनी असं झालं की चहाच्या टपरीवर गप्पा चालू असताना हादरा यायचा, सगळे आपापला ग्लास वर उचलून धरायचे, हादरा संपला की खाली ठेवायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करायचे. भीतीसुद्धा दमते.

मोठा धक्का आला तो सकाळी सव्वादहाला. मी तेव्हा उभी होते, इंजिन बंद. माझं बावीस टनांचं धूड पाळण्यासारखं हललं. समोरचा डोंगर धुरळ्यात दिसेनासा झाला आणि धुरळा बसला तेव्हा रस्ता अकरा ठिकाणी नव्हता. पलीकडे एक दवाखाना होता, तीन वस्त्या होत्या, आणि मधे आम्ही. त्या दिवसापासून माझं इंजिन फक्त डिझेल भरायला बंद व्हायचं. माझ्या कोपराची पिन आधीच झिजलेली, आता प्रत्येक बकेटला ती कण्हायची. ऑपरेटर सीटवरच जेवायचा. त्याचे डोळे लाल, माझा पाईप गळतोय. कोण कोणाला विचारणार, बरी आहेस का म्हणून?

ताईची वस्ती वाचली होती. घरांना भेगा पडल्या होत्या, पण माणसं धड होती. आणि एक नवल झालं होतं. वरून आलेला हत्तीएवढा दगड रस्ता ओलांडून खाली गेला आणि आमच्या ढिगाच्या तिसऱ्या पायरीत रुतून बसला. ताई धापा टाकत वर आली ती हेच सांगायला.

"बघितलंस? झेलला तुझ्या ढिगाने! मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या भावाचं काम आहे ते. म्हटलं, घरात झोपायची भीती वाटते ना, मग चला ढिगाच्या आडोशाला. ताडपत्र्या लावल्यात आम्ही. अकरा जण आहोत."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी ऑपरेटरची छाती फुगली. माझीही फुगली असती, पण मला छाती नाही, रेडिएटर आहे.

चौथ्या दिवशी आम्ही सातव्या वळणावर पोचलो. दगड बाजूला घ्यायला जागा हवी म्हणून ऑपरेटरने मला ढिगाच्या माथ्यावर नेलं, नेहमीसारखं. तेव्हा माझा डावा पट्टा वीतभर खाली गेला. सावकाश. जुन्या गादीत बसल्यासारखा.

ऑपरेटरने मला हळूच मागे घेतलं आणि खाली उतरला. माथ्यावर गवतातून एक भेग गेली होती. त्याने हात घातला, मूठ आत गेली. एक खडा टाकला आणि कान लावला. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही. तो बराच वेळ तसाच ओणवा राहिला. मला वाटलं, झोपला की काय.

रस्त्याच्या कार्यालयातले साहेब थोड्या अंतरावर उभे होते. त्यांच्या अंगावर चार दिवसांपूर्वीचाच शर्ट होता.

"साहेब, ढीग सुटलाय."

"सुटलाय म्हणजे?"

"वर भेग पडलीय. कधी खाली जाईल नेम नाही."

"रस्त्याला धोका?"

"रस्त्याला नाही. खाली माणसं झोपतात त्याच्या."

साहेबांनी डोळे चोळले. "मग पळत जा, उठव त्यांना. पण गाडी इथेच राहील. दहावं वळण मोकळं झालं नाही तर दवाखान्याला ऑक्सिजन जायचा नाही. तिथेही माणसंच आहेत."

"पायी गेलो तर ताई चहा करायला घेईल, साहेब. गाडी घेऊन गेलो तर तिला कळेल काहीतरी बिनसलंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "एक तास. वर एक मिनिट नको."

खाली जायला ढिगाला वळसा घालून एक कच्ची वाट होती. मी धावू शकत नाही, मित्रांनो, हे माझं मोठंच दुःख आहे. माणूस भरभर चालला तर माझ्या पुढे जातो. त्या दिवशी ऑपरेटर सबंध उतारभर म्हणत होता, "चल गं, चल गं बाई, चल," आणि मी चालत होते तेवढीच चालत होते.

ताई ताडपत्रीच्या तोंडाशी शिलाई मशीन घेऊन बसली होती आणि दुसऱ्या एका फाटक्या ताडपत्रीला ठिगळ लावत होती. शेजारी तिचे सासरे कोंबड्यांच्या खुराड्यावर हात ठेवून बसले होते. तीन घरच्या बायका, पोरं, एक आजारी शेजारी. मला बघून पोरं ओरडली.

"आलास?" ताई म्हणाली. "गाडी कशाला आणलीस इथवर? थांब, चहा टाकते."

"चहा नको. उठा सगळे. निघायचंय."

"का रे? परत हादरा येणार म्हणून सांगितलं काय रेडिओवर?"

"ढीग येणार आहे."

ताई हसली. हातातली शिवण तिने थांबवलीसुद्धा नाही. "काहीतरीच तुझं. झोप झाली नाहीये तुझी."

सासऱ्यांनीही मान हलवली. "अहो पाहुणे, त्या दिवशी एवढा मोठा दगड झेललाय त्याने. आता कशाला येतोय खाली?"

"त्या दगडानेच ओझं वाढलंय, मामा. ताई, ऊठ."

"अरे, तूच म्हणालास ना? दोनदा दाबलाय म्हणून? मी ह्या सगळ्यांना आणून बसवलंय इथे, तुझ्या शब्दावर. आता काय सांगू त्यांना?"

ऑपरेटर माझ्या पट्ट्यावर बसला. डोक्यावरची टोपी काढली. मी त्याला दरडीखालून निसटताना बघितलंय, पण त्याचा आवाज इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

"वरचा हातभर थर दाबलाय, ताई. आत काय आहे ते मलाच माहीत. झाडांची खोडं आहेत. डांबराची ढेकळं आहेत. रिकामी पिंपं आहेत. पावसात मागे गाड्या खोळंबल्या की जे हाताला लागलं ते ढकललं मी. मग वर चांगली माती पसरली. पायऱ्या काढल्या, गवत लावलं."

"ते कशाला लावलंस मग?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

शिलाई मशीनचं चाक थांबलं.

"म्हणजे सहा वर्षं तू मला नुसतं थोपटून झोपवलंस," ताई म्हणाली.

"हो."

मग तिने मागे वळून त्या सगळ्यांकडे पाहिलं, जे तिच्या शब्दावर तिथे आले होते. तिला काय लागलं असेल ते मी सांगू शकत नाही, मी लोखंडाची आहे. पण ती उठली, पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाली, "उठा गं बायांनो! माझ्या भावाला ढिगातलं काही कळत नाही. माझंच चुकलं. पोरांना आधी घ्या, भांडी राहू देत."

सासरे खुराडं सोडेनात. "ह्यांना कोण नेणार?" म्हणून बसून राहिले. तेव्हा ऑपरेटरने माझी बकेट जमिनीला टेकवली आणि खुराडं उचलून आत ठेवलं. त्याच्या शेजारी शिलाई मशीन. आजारी शेजाऱ्याला दोघांनी खांद्यावर घेतलं. वस्तीच्या कडेने वाहणाऱ्या ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे चढावर शाळेचं मैदान होतं, तिथे आम्ही सगळे पोचलो. आयुष्यात दगडमातीशिवाय काही न उचललेली मी, माझ्या पुढ्यात सात कोंबड्या सबंध वाटभर मला शिव्या देत होत्या.

साहेबांनी दिलेला तास संपायला थोडाच वेळ राहिला होता, तेव्हा हादरा आला. अगदी किरकोळ. टपरीवर असते तर लोकांनी ग्लाससुद्धा उचलला नसता.

आधी आवाज नाही आला. आधी ढिगाचा माथा खाली बसला, दमलेला माणूस भिंतीला पाठ घासत बसतो तसा. मग सगळंच सुटलं. पायऱ्या, गवत, कपड्यांची दोरी, तो हत्तीएवढा दगड. ताडपत्र्या क्षणभर फुगलेल्या दिसल्या, मग दिसल्या नाहीत. चार घरं होती तिथे माती होती, आणि मातीतून काळी खोडं आणि गंजकी पिंपं वर आली होती, सगळ्यांना दिसतील अशी.

कुणी रडलं नाही. एक पोर म्हणालं, "आपलं घर कुठेय?"

"मी जातो," ऑपरेटर म्हणाला. "दहावं वळण आहे अजून."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दहावं वळण आम्ही दिवेलागणीनंतर मोकळं केलं. दवाखान्याची गाडी गेली. साहेब माझ्या पट्ट्याला टेकून खाली बसले आणि तिथेच घोरायला लागले.

पुढचे पंधरा दिवस ताई भावाशी बोलली नाही. डबा यायचा बंद झाला. ऑपरेटरही माझ्याशी बोलेनासा झाला. ग्रीस मात्र रोज भरायचा. आणि मला काय काम मिळालं म्हणता? तोच ढीग. तीच खोडं, तीच ढेकळं. सहा वर्षांत एकदा उचललेली प्रत्येक गोष्ट पुन्हा उचलायची, आणि ह्या खेपेला मधेमधे त्यात कुणाचं तरी दार, कुणाची तरी चप्पल. मित्रांनो, दमायची मला सवय आहे, पण खरी दमले ती तेव्हा.

ह्या वेळी सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. नवे डंपर आले होते आणि सगळा राडारोडा तीन किलोमीटरवरच्या माळावर जात होता. सोळाव्या दिवशी ताई आली आणि वाटेत डंपरच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे कुठे चाललंय?" तिने विचारलं. पंधरा दिवसांनी भावाशी बोललेले हे पहिले शब्द.

ऑपरेटरने माझ्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "माळावर. नियमाने."

"माळाच्या खाली कोण राहतं?"

"कोणी नाही."

"तू बघितलंस?"

"कार्यालयाच्या नकाशावर काही नाहीये, ताई."

"मी नकाशाचं विचारलं नाही. तू उतरून बघितलंस का?"

"नाही."

"चल मग."

त्या दिवशी दुपारी मला माळावरचा ढीग सपाट करायला न्यायचंच होतं. ताई डंपरमध्ये बसून आली. माळ मोठा, सपाट, चांगला होता. आम्ही टाकलेला ढीग काठापर्यंत पोचला होता. दोघं भावंडं काठावरून खाली उतरली. मी वरून बघत होते. माझा हात लांब आहे, त्यामुळे मला बरंच दिसतं.

खाली झुडपांच्या आड पत्र्याची एक शेड होती. बाहेर कच्च्या विटा वाळत घातल्या होत्या. विटा पाडणारी एक बाई हातातली माती पुसत उभी राहिली आणि ह्या दोघांना बघून म्हणाली, "तुम्हीच टाकता काय हो वरून? मी म्हटलं, रोज कसला आवाज येतोय. भारी नीट रचताय. धुळीचा त्रास आहे थोडा, पण वारा अडतोय चांगला."

ताईच बोलली.

"बाई, वाऱ्याचं सोडा. इथे किती जण आहात तुम्ही?"

"नऊ. का हो?"

वर आल्यावर ऑपरेटरने डंपरवाल्यांना हात करून थांबवलं. साहेबांना फोन लावला. साहेब ओरडले असावेत, कारण त्याने फोन कानापासून लांब धरला. "हो साहेब. खेपा निम्म्या होतील. होऊ देत. नाही, इथे आता एकही बकेट पडणार नाही. जे काठावर आहे तेही मागे ओढतो." फोन ठेवून तो माझ्यात चढला आणि इंजिन सुरू करायच्या आधी खिडकीतून म्हणाला, "ताई, दूर उभी राहा. उशीर होईल, तू जा घरी."

घर हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

ताई गेली नाही. एका दगडावर बसली. "काठापासून किती मागे नेणार?" तिने विचारलं.

"वीस पावलं."

"तीस ने. मी बघत्येय."

आम्ही तीस नेलं. आता सगळा राडारोडा आठ किलोमीटरवरच्या जुन्या खाणीत जातो. त्या खाणीत ताई आणि ऑपरेटर आधी दोघं जाऊन आली. सकाळचा सबंध वेळ चारी बाजूंनी फिरली. तिथे खरंच कोणी नाही. तरी ताई आठवड्यातून एकदा जाऊन येते. माणसं काय, कधीही राहायला येतात, म्हणते.

माझे आता सतरा हजार तास झालेत. वर्ष सरताना मला काढून टाकणार आहेत असं ऐकते. कोपराची पिन गेली आहे, रंग कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि जमीन अजून हलते आहे. आठ किलोमीटरच्या खेपांनी काम दुप्पट लांबलं आहे. त्याबद्दल मात्र माझी एका शब्दाची तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्हीही रोज काहीतरी उचलून बाजूला टाकत असाल. लवकर मोकळं व्हायचं असतं, मागे कुणीतरी भोंगा वाजवत असतं, सगळं मला कळतं. टाकायला मी नाही म्हणत नाही. माझा तर जन्मच त्यात गेला. टाकलेलं नीट थोपटून, गवत लावून शोभिवंत करू नका, एवढंच सांगते. एकदा खाली उतरा, पायी, आणि तिथे कोण राहतं ते बघून या.